वाटी न सांडणारी रेल्वे

आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर दत्ता आयुष्यात दोनच गोष्टींना भितो. एक म्हणजे तळवडे चौकातला ट्रॅफिक हवालदार आणि दुसरी मोंडकरांची वाटी.

वाटी म्हणजे साधी, स्टीलची, आमटीची. रोज सकाळी चिखलीच्या स्टॉपवर मोंडकर बसमध्ये चढतात, दत्ताच्या शेजारची सीट धरतात, पिशवीतून पिवळं फडकं काढून इंजिनाच्या झाकणावर अंथरतात, त्यावर वाटी ठेवतात आणि तिच्यात काठोकाठ पाणी ओततात. मग दत्ताकडे बघून मान हलवतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय बस सुटत नाही. तळवड्याला पाणी फडक्यावर यायला लागतं, महाळुंग्याला निम्मं उरतं आणि चाकणला कंपनीच्या गेटवर पोचेपर्यंत फडकं पिळायच्या लायकीचं झालेलं असतं. मोंडकर वाटीत डोकावतात आणि निकाल देतात, "रिजेक्ट."

"सायेब, रस्ता काय म्या केलाय व्हय?" दत्ता कळवळून म्हणतो. तो मूळचा इथलाच, मोशीचा. "खड्डं सरकारचं, अन् रिजेक्ट आमी?"

"दत्ता, खड्डा हे इनपुट आहे. सांडणं हे आउटपुट आहे. मधे कोण आहे?"

मधे दत्ता असतो.

मोंडकर आमच्या कंपनीत क्वालिटीचे हेड आहेत. आम्ही मोटारींच्या सीटखाली लागणारे ब्रॅकेट बनवतो. ज्याच्या बुडाखाली ते असतात त्यालाही ते आयुष्यात कधी दिसत नाहीत, पण मोंडकरांनी पास केल्याशिवाय त्यातला एकही गेटबाहेर पडत नाही. मी परचेसला. नाव शिंदे, गाव बार्शीकडचं. परचेसमध्ये हयात गेल्यामुळे माझी एक खोड झाली आहे. कुणी काही करताना दिसला की मी आधी विचारतो, 'यात ह्याचं काय?' थोडं खणलं की सापडतं. व्हेंडरचं सापडतं, साहेबांचं सापडतं, देवळाच्या वर्गणीला आलेल्या मंडळींचंही सापडतं. मोंडकरांच्या वाटीत मात्र मला कधी काही सापडलं नव्हतं, आणि म्हणून तो माणूस माझ्या डोक्यात बसला होता.

त्यात ते माझे शेजारी. एकाच मजल्यावर, दारासमोर दार. कंपनीत खराब मालाला लावायचे लाल स्टिकर त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असतात, आणि कंपनी सुटली म्हणून खिसा रिकामा होत नाही. आमच्या लिफ्टला लाल स्टिकर आहे. वॉचमनच्या खुर्चीला आहे. माझ्या स्कूटरच्या स्टँडला एकदा लागला होता, तो मी रॉकेल लावून काढला. गणपतीत त्यांनी मंडळाच्या स्पीकरच्या भिंतीला स्टिकर लावला, तेव्हा पोरं अंगावर धावून आली. मोंडकरांनी शांतपणे चष्मा पुसला आणि आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं, "प्रश्न भावनेचा नाही. प्रश्न टॉलरन्सचा आहे."

टॉलरन्स म्हणजे कुठपर्यंतची चूक चालवून घ्यायची ती हद्द. मोंडकरांची हद्द फार लवकर संपते. पोरांनी आवाज कमी केला, हेही सांगितलं पाहिजे. त्या माणसाच्या आवाजात असं काही असतं की समोरचा आपण चुकलो असं धरूनच चालतो.

त्यांच्या मिसेस, सुलभावहिनी, अगदी उलट. बोलणं हळू, चालणं हळू, हातात नेहमी आवळासुपारीची डबी. दोघंही मालवणकडची. मुलगी लग्न होऊन नागपूरला, घरात ही दोघंच. वहिनी आमच्या सोसायटीच्या कुठल्याच सहलीला कधी आल्या नाहीत. देहूला गेलो तेव्हा नाही, साधं ताथवड्याला आमच्या हिच्या भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हाही नाही. "तुम्ही या जाऊन, घरी कुणीतरी पाहिजे," असं हसून म्हणायच्या. घरात राखायला होतं काय, तर एक मनीप्लँट. आमच्या हिने त्यांना कधीच शिष्ट ठरवून टाकलं होतं.

तर एका सकाळी वाटी भरून झाल्यावर मोंडकर मागे वळले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "शिंदे, मी रेल्वे टाकतोय."

"कुठे?"

"विजयदुर्ग ते माडबाव. किनाऱ्याकिनाऱ्याने. अलाइनमेंट फायनल आहे."

आता आमचा भाग कसा आहे, ते सांगायला हवं. दुसरीकडे रेल्वे म्हटली की माणसाला प्रवास आठवतो, आमच्याकडे सातबारा आठवतो. रिंगरोड, विमानतळ, नवी लाईन, काहीही नुसतं कानावर आलं की मोशी-चाकणची माणसं आधी ती कुणाच्या शेतातून जाणार ते विचारतात. मोंडकर पुढे काही सांगणार एवढ्यात दत्ताने खड्डा चुकवला, वाटी कलंडली आणि विषय फडक्यावर गेला. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायला गेलो तोवर अर्ध्या कंपनीने कोकणात प्लॉट बघायला घेतले होते. मोंडकरांचा कुणी मेहुणा मंत्रालयात आहे, इथपर्यंत बातमी पोचली होती. मोंडकरांना मेहुणा एकच, आणि तो माडबावात आंब्याची कलमं राखतो.

रविवारी दत्ताचे चुलते तुकाराम आबा सोसायटीत हजर. मोशीची जमीन विकल्यापासून आबा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतच असतात. सोबत शाल, श्रीफळ आणि पेढ्यांचा बॉक्स. मोंडकरांनी मला साक्षीला बोलावून घेतलं.

"सायेब, जास्त काय न्हाई," आबा शाल पांघरवता पांघरवता म्हणाले, "लाईन कुठनं जाणार तेवढं बोट ठिवून दावा. आमी आधीच दोन एकर घिऊन ठिवतो. तुमचं बी बघू."

"दाखवतो की," मोंडकर म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरचा भला मोठा कॉम्प्युटर चालू केला.

पडद्यावर एक स्टेशन आलं. लाल जांभ्या दगडाचं, कौलारू. एक निळी गाडी उभी होती. ती सुटली, आणि खिडकीत समुद्र आला. आबा बघत राहिले. मी पण बघत राहिलो. आमच्या गावाकडे पाणी टँकरने येतं, त्यामुळे एवढं पाणी एका जागी दिसलं की मी आपोआप गप्प होतो.

बऱ्याच वेळाने आबांनी विचारलं, "म्हंजी ही खरी न्हाई?"

"ट्रायल रन आहे."

"पर जमीन?"

"आहे तिथेच आहे. कुणाची घ्यावी लागत नाही, हाच या रेल्वेचा फायदा."

आबांनी विचार केला. शाल परत मागणं बरं दिसलं नसतं. त्यांनी स्वतःच आणलेल्या बॉक्समधला एक पेढा तोंडात टाकला आणि देवगड येईपर्यंत बसले. जाताना म्हणाले, "लई भारी वाटतंय पर. त्या वळणावर एखादं रिसॉर्ट टाका की."

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. हा कॉम्प्युटरवरचा रेल्वे चालवायचा खेळ होता. त्यात बंदूक नाही, शत्रू नाही, कुणी मरत नाही. गाडी चालवायची, स्टेशन आलं की थांबवायची, शिट्टी झाली की पुन्हा चालवायची. जगभर लोक नोकरी करून दमून घरी येतात आणि ही दुसरी नोकरी हौसेने करतात. तो खेळ बनवणाऱ्या परदेशी कंपनीने आवाहन केलं होतं की खेळाडूंनी नवे, निसर्गरम्य मार्ग सुचवावेत. त्यासाठीची अवजारंही त्यांनीच दिली होती. निवडलेला मार्ग खेळात येणार होता आणि पहिल्या स्टेशनच्या पाटीखाली सुचवणाऱ्याचं नाव लागणार होतं.

"पण कोकणात रेल्वे आहे की हो," मी म्हटलं.

"आहे ना. पण तिच्यातून कोकण दिसत नाही, बोगदा दिसतो. बोगदा संपला, आता समुद्र दिसणार म्हणून माणूस खिडकीला नाक लावतो, तर दुसरा बोगदा. डिझाइनमधलीच चूक आहे. मी दुरुस्त करतोय."

एवढ्या आत्मविश्वासाने सह्याद्रीला लाल स्टिकर लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती. हा खेळ खेळणारे सगळे इंजिनात बसतात, हँडल धरतात, त्यातच मजा. मोंडकर इंजिनात बसतच नव्हते. त्यांच्या पडद्यावर कायम डब्यातली उजव्या हाताची खिडकी असायची. मी विचारलं, "मग गाडी चालवतं कोण?"

"मीच. वेग, थांबे आधीच लावून ठेवतो."

"डब्यात बसून?"

"शिंदे, इंजिनातून रूळ दिसतात. समुद्र खिडकीतून दिसतो."

यात ह्याचं काय, हे मला याही वेळी कळलं नाही.

आता प्रस्ताव लिहायचा होता. आमच्या पट्ट्यात काही वर्षं नोकरी केली की माणसाला कायझेनशिवाय विचार करता येत नाही. कायझेन म्हणजे कामात केलेली सुधारणा एका कागदावर मांडायची. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर', खाली फायदे. आमच्या स्टोअरच्या जाधवाने धाकट्या भावाचं लग्न जमवतानासुद्धा घरच्यांपुढे असाच कागद ठेवला होता, डावीकडे भाऊ एकटा, उजवीकडे भाऊ आणि ती मुलगी. मोंडकरांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या त्या कंपनीला कायझेनच पाठवलं. 'आधी'मध्ये काळाकुट्ट बोगदा. 'नंतर'मध्ये कुणकेश्वराचं देऊळ, वाळू आणि पाणी. मूळ कारण: रेल्वे डोंगरातून गेली. उपाय: रेल्वे किनाऱ्यावर आणणे. आणि फायद्यांच्या रकान्यात एकच ओळ: पूर्ण प्रवासात वाटी सांडणार नाही.

तिकडून उत्तर आलं. मोंडकरांनी ते बसमध्ये उभं राहून वाचलं. प्रस्ताव त्यांना फार वेगळा वाटला होता. अशा पद्धतीने लिहिलेला प्रस्ताव त्यांच्याकडे पूर्वी आला नव्हता, यावर माझा लगेच विश्वास बसला. त्यांचे दोन प्रश्न होते. हा मार्ग खरोखर अस्तित्वात आहे का? आणि वाटी म्हणजे काय?

पहिल्याला मोंडकरांनी लिहिलं, 'अजून नाही.' दुसऱ्याला वाटीचा फोटो पाठवला, शेजारी मापाला फूटपट्टी ठेवून.

पुढच्या पत्रात कळलं की मार्ग शेवटच्या निवडीत पोचला आहे. मग काय विचारता! एचआरने नोटीसबोर्डावर मोंडकरांचा फोटो लावला. पेढे वाटले गेले. दत्ताने इंजिनावर आपलं नाव घालायची गळ घातली. "सायेब, हितं आमाला रोज रिजेक्ट करता, तितं तरी पास करा की राव." मोंडकरांनी खरंच घातलं. गाडीच्या निळ्या अंगावर बारीक अक्षरात 'दत्ता'. दत्ताने त्याचा फोटो मोबाईलवर लावला आणि चाकणच्या चौकातल्या कोंडीत अडकला की तो क्लीनरला दाखवत बसायचा. कंपनीत पहिल्यांदाच असं झालं होतं की आमच्यातल्या एकाची एखादी गोष्ट जगाला दिसणार होती. ब्रॅकेट बनवणाऱ्या माणसांना त्याचं किती वाटतं, ते दिसणाऱ्या वस्तू बनवणाऱ्यांना कळणार नाही.

आणि मग तिसरं पत्र आलं.

मार्ग निवडला होता. पण सरासरी खेळाडूला त्यात झोप येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून तीन बदल. गाडीचा वेग वाढवायचा. डबा हलला पाहिजे, खऱ्या गाडीसारखा डुलला पाहिजे. आणि शेवटचं वळण बदलायचं. माडबावच्या अलीकडे एक काळा कडा समुद्रात घुसलेला आहे. मोंडकरांनी आपली लाईन खूप आधीपासूनच किनारा सोडून खाडीवरच्या पुलावर घेतली होती, आणि कड्याला इतका मोठा वळसा घातला होता की गाडी वळते आहे हे कळूही नये. परदेशी कंपनीला लाईन कड्याला घासून हवी होती, एकदम काटकोनात वळणारी, म्हणजे समुद्र अचानक चाकाखाली आल्यासारखा वाटेल आणि लोक किंचाळतील. बाकी सगळं मंजूर. तुम्ही 'हो' म्हणा, की काम सुरू.

मोंडकरांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "नाही."

"म्हणजे?"

"रिजेक्ट. कळवलंय त्यांना." त्यांनी काय कळवलं होतं, तर त्यांच्याच पत्रावर लाल स्टिकर लावून त्याचा फोटो.

बसमध्ये नुसता गलका झाला. गिऱ्हाईक सांगेल ते माप, हा धडा आम्हाला याच माणसाने शिकवला होता. एकदा गिऱ्हाईकाने ब्रॅकेटचं भोक उगाचच सरकवायला सांगितलं, तेव्हा ह्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. आणि आता फुकटच्या खेळातलं एक वळण बदलायचं, तर हे अडून बसले. "चांगलं नाव निघालं असतं," जाधव म्हणाला. "अन् माझं बी," दत्ता म्हणाला आणि त्याने गिअर जरा जोरातच टाकला. त्या दिवशी वाटी तळवड्यालाच रिकामी झाली. शेवटी ठरलं की शिंदे समोर राहतात, घासाघीस करणं हा त्यांचा धंदाच आहे, तेव्हा त्यांनी जाऊन मोंडकरांना पटवावं. स्टिकर चुकून लागला म्हणून कळवता येईल, असं एचआरचंही मत पडलं.

रविवारी सकाळी आंघोळ उरकून मी समोरची बेल वाजवली. मनात मुद्दे तयार होते. वेग थोडा वाढवू द्या, डुलणं मान्य करा, वळणाचं अर्ध्यावर मिटवू. दार मोंडकरांनी उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून मला आत घेतलं.

खोलीत पडदे ओढलेले होते. कॉम्प्युटरसमोर सुलभावहिनी बसल्या होत्या. काठापदराचं पातळ, केसांत अबोलीचा वळेसर, पायात घरात घालायच्या नव्हे तर बाहेर जायच्या चपला. शेजारी एक छोटी पिशवी भरून ठेवलेली. आणि मांडीवर, दोन्ही हातांत धरलेली, पाण्याने काठोकाठ भरलेली ती वाटी. पडद्यावर उजव्या हाताची खिडकी होती आणि गाडीने नुकतंच देवगड सोडलं होतं.

"मोंडकर, ते वळणाचं—" मी सुरुवात केली.

"शिंदे, गाडी चालू आहे."

"बसा भाऊजी," वहिनी खिडकीवरची नजर न काढता म्हणाल्या. "उभं नका राहू. कडेला काही हललेलं मला सोसत नाही."

मी स्टुलावर बसलो आणि वहिनी हळूहळू, गाडीच्याच वेगाने बोलत राहिल्या. त्यांना लहानपणापासून गाडी लागायची. पण गेल्या काही वर्षांत कानातला तोलच गेला. आता बस, मोटार, रिक्षा, काहीही हललं की जग गरगरतं आणि दिवसचे दिवस अंथरुणात जातात. पायी जाता येईल तेवढंच त्यांचं जग. एकदा आईला बघायला म्हणून मोटार करून निघाल्या होत्या. घाटात अशी अवस्था झाली की पुढेही जाता येईना आणि मागेही येववेना. दोघं कठड्याला टेकून बसून राहिली, आणि संध्याकाळी तिथूनच परतली. आई माडबावात, भावाकडे. तिचे गुडघे गेलेत, ती येऊ शकत नाही. भाऊ बिचारा प्रेमाने व्हिडिओ कॉल लावतो आणि 'बघ गो आपलो समुद्र' म्हणत मोबाईल घेऊन वाळूतून धावतो. त्या हलण्यानेही वहिनींना भोवळ येते, म्हणून डोळे मिटून नुसतं 'हां, बघतंय, बघतंय' म्हणायचं.

मला आमच्या हिने ठरवलेला शिष्टपणा आठवला आणि फार लाज वाटली.

"डॉक्टर म्हणतात, लेव्हल आऊट झाली," मोंडकर म्हणाले. "रिवर्क होत नाही."

"ह्यांनी किती गाड्या बघितल्या माझ्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "कुठली बस सरळ जाते, कुठला ड्रायव्हर हळू चालवतो. म्हणायचे, ज्या दिवशी चाकणपर्यंत वाटी सांडणार नाही, त्या दिवशी तुला त्याच गाडीत घालून माहेरी नेतो."

मी मोंडकरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते.

"रस्ता फेल गेला," ते म्हणाले. "सगळे सॅम्पल रिजेक्ट. म्हणून रूळ टाकले."

हे त्यांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की रस्ता जमत नसेल तर माणसाने रेल्वे टाकायची असते, हे मला माहीतच असायला हवं होतं असं वाटावं.

कुणकेश्वर आलं. वहिनींचे हात वाटीत गुंतले होते, म्हणून त्यांनी नुसती मान लववली. देवळामागून वाळूची लांब पट्टी सरकत गेली. मग मोंडकर मला हळूच म्हणाले की इथपर्यंत वहिनी नेहमी येतात, पुढे नाही. त्या कड्याजवळ दर वेळी त्यांना गरगरतं, डोळे मिटावे लागतात, आणि डोळे उघडेपर्यंत गाडी स्टेशनात उभी असते. माहेर येतं, पण येताना दिसत नाही. म्हणून ते दर आठवड्याला वळण मोठं करत गेले. आधी किनाऱ्यावर, मग खाडीवर, मग पार समुद्रात. आज आणखी मोठं केलं होतं.

"त्यांचं वळण घातलं तर माझा रूट जगभर जाईल, शिंदे," ते म्हणाले. "पण मग ही कुठे जाईल? माझं नाव लागलेल्या रूटवर हीच जाऊ शकणार नसेल, तर तो माझा रूट कसा?" मग नेहमीच्या सवयीने म्हणाले, "प्रश्न भावनेचा नाही." पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही.

गाडी पुलावर चढली. लांबवर काळा कडा दिसायला लागला. मोंडकर खुर्चीतून उठले आणि वहिनींच्या पायाशी जमिनीवर बसले. आता ते पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर वाटीवर होती.

"काय गो? गरगरता?"

"नाय."

"डोळे मिटू नको हां."

"नाय मिटत. तुम्ही गप रवा."

वाटीतलं पाणी थरथरलं. एका बाजूने काठाला लागलं. मी बार्शीचा माणूस, पाण्यासाठी मी देवाला पुष्कळ वेळा हात जोडले आहेत, पण ते पडू नये म्हणून पहिल्यांदाच. कडा हळूहळू खिडकीतून मागे गेला, इतका हळू की गेला कधी ते कळलंच नाही. पाणी काठाशी जरा थांबलं आणि परत वाटीत बसलं.

माडांची रांग आली. एक रहाट असलेली विहीर आली. जांभ्याच्या पायऱ्या, बुटका फलाट, आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात माडबाव. गाडी उभी राहिली तीसुद्धा आपण उभं राहिल्याचं कुणाला कळू न देता. वहिनींचे डोळे उघडे होते. त्या किती तरी वेळ त्या पाटीकडे बघत होत्या.

मोंडकरांनी त्यांच्या हातातून वाटी अलगद काढून घेतली. मग शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि लाल गठ्ठ्याच्या मागून एक हिरवा स्टिकर काढला. त्यांच्याकडे हिरवे स्टिकरही असतात हे मला माहीत नव्हतं. तो त्यांनी वाटीला लावला, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मी जे मुद्दे घेऊन आलो होतो ते माझ्याजवळच राहिले. यात ह्याचं काय, ते मला शेवटी सापडलं होतं, आणि सोमवारी बसमध्ये ते कसं सांगायचं एवढाच प्रश्न उरला होता.

वहिनींनी पिशवीतून मोबाईल काढला आणि माहेरी फोन लावला. पलीकडे पहिल्याच घंटेला उचलला गेला. म्हातारी रविवारी सकाळी फोनपाशीच बसलेली असते, असं नंतर कळलं.

"आये," वहिनी म्हणाल्या, "पोचलंय गो."

पलीकडून एक चिरका, थकलेला आवाज आला, "गाडी लागूक नाय मां?"

"नाय गो. सरळ इलंय. समुद्र बघीत बघीत."

"बरा झाला," म्हातारी म्हणाली. "आता जेवल्याशिवाय जाव नको."